पिवळ्या पक्ष्याला दिसते कुठून?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना नऊ वर्षांच्या नातीबरोबर 'आय ॲम बिग बर्ड' हा माहितीपट पाहिला. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या मालिकेतल्या उंच पिवळ्या पक्ष्याच्या आत वर्षानुवर्षे एकच माणूस होता, हे त्यातून कळले. चित्रपट संपल्यावर नातीने विचारले, "आजोबा, त्याला आतून दिसतं कुठून?" मी म्हटले, "चोचीतून." त्यावर ती म्हणाली, "चोच तर त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर आहे!" मला पुढे काही सुचले नाही. तो माणूस आपल्या रामदास पाध्यांसारखा ओठ न हलवता बोलतो का? आणि 'आत माणूस आहे' हे लहान मुलांना दाखवल्याने त्यांचा हिरमोड होत नाही का?

उत्तर : नातीने तुम्हाला बरोबर पकडले आहे. चोचीतून दिसते, डोळ्यांच्या भोकांतून दिसते, गळ्यापाशी जाळी असते, ही तिन्ही उत्तरे लोक ठामपणे देतात आणि तिन्ही चुकीची आहेत. त्या पक्ष्याच्या आतल्या माणसाला बाहेरचे जवळपास काहीच दिसत नाही. तरीही तो समोरच्या मुलाकडे बघून मान तिरकी करतो, घरट्यातून उठून रस्त्यावर येतो, नाचतो. हे कसे जमते ते समजण्यासाठी आधी तो आत उभा कसा असतो ते पाहू.

बिग बर्डची उंची 8 फूट 2 इंच. आपल्या घरच्या सात फुटी चौकटीतून आत यायचे तर त्याला वाकावेच लागेल. आतला माणूस, म्हणजे कॅरल स्पिनी, साधारण उंचीचा. मग वरचे दोन-अडीच फूट येतात कुठून? ती उंची त्याच्या उजव्या हाताची आहे. हात सरळ वर ताठ केलेला, त्या हातावर पक्ष्याचे डोके, आणि पंजा चोचीच्या आत. स्पिनीचे स्वतःचे डोके पक्ष्याच्या छातीपाशी कुठेतरी असते. अंगठा खाली केला की चोच उघडते, वर नेला की मिटते. करंगळी एका छोट्या कळीत अडकवलेली असते. ती हलली की पक्ष्याच्या पापण्या हलतात. मुलांना वाटते की पक्षी आश्चर्याने डोळे मोठे करतो आहे. प्रत्यक्षात एका माणसाची करंगळी काम करत असते.

त्या डोक्याचे वजन दोन किलोच्या आसपास. दोन किलोची कणकेची पिशवी उजव्या हाताने डोक्यावर धरून तीन मिनिटे उभे राहून पाहा, आणि तेवढ्या वेळात कुणाशी तरी हसतमुखाने गप्पा मारा. मी प्रयोग केला. दुसऱ्या मिनिटाला माझ्या गप्पा संपल्या.

आता दुसरा हात. डावा हात पक्ष्याच्या डाव्या पंखात जातो, त्यात अवघड काही नाही. उजवा पंख मात्र रिकामा आहे, कारण उजवा हात वर डोक्यात गुंतलेला. रिकामा पंख नुसता लोंबकळत राहिला तर पक्षी लुळा दिसेल. यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. मासे पकडायच्या गळाला लावतात तसला पारदर्शक दोरा डाव्या मनगटापासून निघतो, पक्ष्याच्या मानेखालच्या कडीतून जातो आणि उजव्या पंखाला येऊन मिळतो. डावा हात खाली गेला की दोरा ओढला जातो आणि उजवा पंख वर येतो. डावा वर गेला की उजवा खाली. म्हणून बिग बर्डचे पंख बरेचदा तराजूच्या पारड्यांसारखे चालतात. पुढच्या वेळी नातीला ते मुद्दाम बघायला सांगा.

थोडक्यात, एकाच पक्ष्यात बाहुल्यांचे तीन प्रकार नांदतात. डोके म्हणजे हातात घालायची बाहुली. उजवा पंख म्हणजे पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या खेळात असते तशी कळसूत्री. आणि धड म्हणजे चक्क अंगावर चढवलेले सोंग, बोहाड्यात असते त्या जातीचे. तिन्ही एकाच माणसाने एकाच वेळी चालवायची, आणि वरून अभिनयही करायचा.

आता तुमच्या नातीचा मूळ प्रश्न. स्पिनीच्या छातीवर, पट्ट्याने बांधलेला एक छोटासा टीव्ही असे. स्टुडिओतला कॅमेरा जे टिपतो तेच चित्र त्या पडद्यावर येते. म्हणजे पक्ष्याच्या पोटातल्या अंधारात उभा राहून स्पिनी बघत असे तो समोरचा रस्ता नव्हे. तो बघत असे बिग बर्डला. घरी बसलेल्या पोराला जे दिसायचे, तेच त्यालाही. पक्ष्याची नजर समोरच्या मुलावर पडते आहे की त्याच्या डोक्यावरून जाते आहे, हे ठरवायचे ते त्या चित्रावरून. त्या दिवसाच्या संवादाची पाने आतच लावून ठेवलेली असत. चश्मा, टीव्ही, कागद आणि वर उचललेला हात, असा सगळा संसार पिसांच्या आत.

इथे एक मोठी गंमत आहे. आरशात आपण उजवीकडे सरकलो की आपले प्रतिबिंबही त्याच बाजूला सरकते, आणि जन्मभर आपल्याला त्याचीच सवय असते. कॅमेऱ्याचे चित्र तसे नसते. समोरच्या कॅमेऱ्यापुढे तुम्ही स्वतःच्या उजवीकडे गेलात, तर पडद्यावर तुम्ही डावीकडे जाताना दिसता. फोनवर सेल्फी काढताना हे जाणवत नाही, कारण फोन आपल्या सोयीसाठी चित्र आरशासारखे उलटे करून दाखवतो. ती सोय बंद करून, पडद्याकडे बघत, केसांचा भांग पाडायचा प्रयत्न करा. कंगवा भलतीकडेच जातो. या धंद्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाचे पहिले काही महिने असेच भलतीकडे जातात, आणि पुढे हात आपोआप उलटा विचार करू लागतो.

कॅमेरा दुसऱ्या कुणावर वळला की स्पिनीला स्वतःचा पक्षी दिसेनासा व्हायचा आणि पायाखालचे तर कधीच दिसत नसे. म्हणून तालमीत पावले मोजून ठेवायची, आवाजाच्या अंदाजाने वळायचे. ज्याला आपण मोकळाढाकळा, जरासा धांदरट पक्षी समजतो, त्याची एकूण एक चाल आधी मोजलेली असते.

ही पद्धत आली कुठून? पूर्वी टीव्हीवर बाहुल्यांचा खेळ दाखवायचा तर छोटा रंगमंच उभा करून त्याचेच चित्रण करत. जिम हेन्सन या तरुणाने 1955 मध्ये वॉशिंग्टनच्या एका वाहिनीवर 'सॅम अँड फ्रेंड्स' सुरू केले आणि तो लाकडी रंगमंच काढून टाकला. त्याचा हिशेब सरळ होता. टीव्हीचा पडदा हीच चौकट आहे, मग चौकटीत आणखी एक चौकट कशाला? बाहुली नाचवणारा कॅमेऱ्याच्या कक्षेच्या खाली राहील, हात वर करील आणि समोर ठेवलेल्या टीव्हीवर स्वतःचे काम बघत राहील. बिग बर्ड इतका मोठा की तो टीव्ही समोर ठेवून उपयोग नव्हता. तो पोटात न्यावा लागला, एवढाच फरक.

आता पाध्यांकडे वळू. रामदास पाध्यांचा अर्धवटराव हा बाहुला बोलतो तेव्हा पाध्ये आपल्या समोरच बसलेले असतात. म्हणून त्यांना ओठ मिटून बोलावे लागते; त्या कलेला शब्दभ्रम म्हणतात आणि वडील यशवंत पाध्यांकडून ती त्यांच्याकडे आली. स्पिनी तर कुणाला दिसतच नाही. त्याने ओठ हलवले, तोंड वेडेवाकडे केले, कपाळाला आठ्या घातल्या, काहीही केले तरी चालते. उलट चेहरा मोकळा सोडला तर आवाजही मोकळा येतो. बाहुलीचा आवाज नेहमी दुसराच कुणीतरी नंतर भरतो, हा आणखी एक समज. तसेही होते. 'झपाटलेला' (1993) मधल्या तात्या विंचूचा बाहुला पाध्यांचा आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. बिग बर्डच्या बाबतीत मात्र हात आणि गळा एकाच माणसाचा, आणि दोन्ही एकाच वेळी.

एवढेच नव्हे, त्याच मालिकेत पत्र्याच्या कचरापेटीत राहणारा, सदा करवादणारा हिरवा ऑस्कर आहे ना, तोही स्पिनीच. त्या ऑस्करचा घोगरा आवाज त्याने न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या एका टॅक्सीवाल्याकडून उचलला होता. (पहिल्या वर्षी ऑस्कर हिरवा नव्हता, नारिंगी होता. जुनी चित्रफीत बघून नात "हा दुसराच आहे" म्हणाली, तर ती चुकली असे समजू नका.) सकाळी गोड पक्षी आणि दुपारी खवचट ऑस्कर, असे दोन्ही करायला मिळाल्याने माणूस ताळ्यावर राहात असावा, असा माझा आपला अंदाज.

माहितीपट कुणी केला, हेही सांगून टाकतो. डेव्ह लामटिना आणि चॅड वॉकर या दोघांनी तो दिग्दर्शित केला. तो 2014 मध्ये महोत्सवांत आला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत चित्रपटगृहांत. त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे स्पिनी आणि त्याची बायको डेब्रा यांनी घरी साठवलेली चित्रफितींची रास. त्यामुळे कपडे बदलताना, प्रवासात, अर्धा पक्षी आणि अर्धा माणूस अशा अवस्थेतला स्पिनी आपल्याला दिसतो. चित्रपटाचे संगीत जरा जास्तच पाघळते, प्रत्येक भावूक प्रसंगाखाली व्हायोलिन वाजलेच पाहिजे असा हट्ट आहे. पण तेवढे सोडले तर ऐवज अस्सल आहे.

या माणसाची सुरुवातही त्यात आहे. स्पिनीचा जन्म 26 डिसेंबर 1933 चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वॉल्थॅमचा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी जन्मला म्हणून नाताळगीतावरून नाव पडले कॅरल. मुलाचे नाव मुलीसारखे, त्यात छंद बाहुल्यांचा, म्हणजे शाळेत चिडवायला पोरांना आणखी काय हवे! लहानपणी त्याने जुन्या वस्तूंच्या विक्रीतून पाच सेंटला एक माकडाची बाहुली आणली होती. पुढे आईने त्याला बाहुल्यांसकट छोटा रंगमंच करून दिला. बापाचा स्वभाव तापट. हे सगळे चित्रपटात फार न रेंगाळता येते.

हेन्सनने त्याला कामावर कसे घेतले, ही हकीकत मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण ती नेहमीच्या यशोगाथेच्या उलटी आहे. 1969 साली सॉल्ट लेक सिटीला बाहुलीकारांचा मेळावा होता. स्पिनीने तिथे मागे पडद्यावर चालणारी चित्रे आणि पुढे बाहुल्या असा जुळवून बसवलेला प्रयोग आणला होता. ऐन वेळी एक झगझगीत दिवा नेमका पडद्यावर पडला, मागची चित्रे पुसली गेली आणि प्रयोग साफ कोसळला. नंतर हेन्सन त्याला येऊन भेटला. तू काय करू बघत होतास ते मला आवडले, अशा अर्थाचे तो बोलला. लोकांनी फसलेला प्रयोग पाहिला होता; हेन्सनने त्यामागचा बेत पाहिला. त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाली तेव्हा पिवळ्या पिसांच्या आत स्पिनी होता.

म्हणजे पुढे सगळे सुरळीत झाले? नाही. पगार बेताचा, न्यूयॉर्क महाग. सुरुवातीच्या काळातच तो सोडून जायच्या बेतात होता. बिग बर्ड घडवणाऱ्या कर्मिट लव्ह यांनी त्याला आणखी महिनाभर थांब म्हणून गळ घातली. तो थांबला. 23 नोव्हेंबर 1970 च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर बिग बर्ड झळकला. तुमच्या नातीला मजा वाटेल असा भाग पुढेच आहे. मुखपृष्ठावर जो आला तो पक्षी. आतला माणूस रस्त्यात भेटला असता तर कुणी ओळखला नसता.

पक्ष्याचा स्वभावही आज आहे तसा पहिल्यापासून नव्हता. सुरुवातीला तो गावंढळ, बावळट असा ठरला होता, दाराला धडकणारा. थोड्याच काळात स्पिनीने सुचवले की हा बावळट नाही, हा लहान मूल आहे. त्याला माहीत नाही, एवढेच. या एका बदलाने सगळे फिरले. बावळटाला लोक हसतात. पण अक्षरे चुकवणारा, रुसणारा, पुन्हा पुन्हा "का?" विचारणारा आठ फुटी पक्षी म्हणजे प्रेक्षकांमधल्या पोरांचाच जातभाई झाला. त्याचे वय पुढे सहा ठरले आणि तिथेच थांबले.

हे मूल असण्याचे मोल 1983 मध्ये कळले. मालिकेत मिस्टर हूपर नावाचा दुकानदार होता, आणि ते काम करणारे विल ली आदल्या वर्षीच्या डिसेंबरात वारले. निर्मात्यांपुढे सोपा रस्ता होता: हूपर गाव सोडून गेला असे सांगायचे, किंवा दुसरा नट आणायचा. त्यांनी मुलांना खरे सांगायचे ठरवले. त्या भागात बिग बर्ड सगळ्यांची चित्रे काढून आणतो, वाटतो, आणि हूपरचे चित्र हातात घेऊन म्हणतो, ते परत आले की देतो. मोठी माणसे त्याला हळूहळू समजावतात की मेलेले माणूस परत येत नाही. तो विचारतो, असे का? आणि मोठ्यांपैकी एकालाही उत्तर देता येत नाही. नटांच्या डोळ्यांतले पाणी खरे होते. ते आपल्या सहकाऱ्याबद्दलच बोलत होते. ती चित्रेही स्पिनीनेच काढलेली होती. हूपरचे चित्र पुढे बिग बर्डच्या घरट्याजवळ लावलेले राहिले.

आता तुम्ही पुन्हा आतला माणूस आठवा. हात वर, छातीवर छोटा टीव्ही, आणि त्या टीव्हीवर एक पिवळा पक्षी मित्राबद्दल विचारतो आहे. रडणाऱ्याला आपला चेहरा दिसत नाही. स्पिनीला मात्र पक्ष्याचा चेहरा दिसत होता, आणि तो किती इंच झुकवायचा हे त्यालाच ठरवायचे होते. 1990 च्या मे महिन्यात हेन्सन अचानक वारला. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन चर्चमधल्या स्मृतिसभेत बिग बर्ड एकटा चालत आला आणि हेन्सनच्या बेडूक-बाहुलीचे गाणे गायला. तो प्रसंग माहितीपटात आहे. तिथे व्हायोलिनची गरज नव्हती.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो, कारण माहितीपट पाहिलेले लोक तो हमखास पसरवतात. "बिग बर्ड चॅलेंजर यानात बसणारच होता, थोडक्यात वाचला." खरे एवढेच आहे की अंतराळात त्याला न्यावे का, याबद्दल नासाची 'सेसमी स्ट्रीट'शी सुरुवातीची बोलणी झाली होती. नासाच्याच म्हणण्यानुसार त्या बेताला मंजुरी कधी मिळाली नाही. एवढा मोठा पक्षी यानात मावणारही नव्हता. पुढे शिक्षिका क्रिस्टा मॅकॉलिफ यांची निवड झाली. 28 जानेवारी 1986 रोजी उड्डाणानंतर 73 सेकंदांत ते यान नष्ट झाले आणि सातही जण गेले. स्पिनीला ही गोष्ट सांगताना गलबलून येते ते योग्यच आहे. पण तिकीट काढून ठेवले होते, असा तिचा अर्थ नाही.

राहिला हिरमोडाचा प्रश्न. चार वर्षांच्या मुलाला मुद्दाम बसवून हा चित्रपट दाखवू नये, त्याला तो कंटाळवाणाही होईल. नऊ वर्षांच्या मुलीची गोष्ट वेगळी. तिने काय विचारले पाहा: "आत माणूस का आहे?" असे तिने विचारले नाही, "त्याला दिसतं कुठून?" असे विचारले. म्हणजे माणूस असणे तिने केव्हाच पचवले आहे आणि तिला आता कारागिरीत रस आहे. दशावतारात रंगपटात डोकावून रंग लावताना पाहिलेले पोर रात्री संकासुर आला की आईला बिलगतेच की. 'गली गली सिम सिम' या आपल्या देशी अवतारातली चमकी कुणाच्या तरी हातावर आहे, हे ठाऊक असलेली मुलेही तिच्या प्रश्नांना टीव्हीसमोर बसून मोठ्याने उत्तरे देत.

नात पुढचा प्रश्न विचारीलच, म्हणून तयारीत राहा: आता आत कोण? माहितीपटात मॅट व्होगेल नावाचा एक गृहस्थ दिसतो. तो नव्वदच्या दशकापासून बदली म्हणून शिकत होता आणि जवळपास वीस वर्षे वाट बघत राहिला. स्पिनीचे वय ऐंशीच्या पुढे गेले, तोल राहीना, तेव्हा 2015 मध्ये पक्षी चालवायचे काम व्होगेलकडे आले; आवाज मात्र 2018 मध्ये निवृत्त होईपर्यंत स्पिनीचाच राहिला. म्हणजे अखेरची तीन वर्षे या पक्ष्यातही हात एकाचा आणि गळा दुसऱ्याचा, तात्या विंचूसारखाच. 8 डिसेंबर 2019 रोजी स्पिनी गेला, वयाच्या 85 व्या वर्षी.

आणि नातीला स्वतः करून बघायचे असेल तर एक जुना पायमोजा पुरे. तो हातात घालायचा, हात डोक्याच्या वर धरायचा, स्वतः टेबलाखाली बसायचे. बोलताना वरची चार बोटे हलवू नयेत, फक्त अंगठा खाली-वर करायचा. बोटे हलली की बाहुली माना टाकत बोलते आणि लगेच नवशिकी दिसते. तुम्ही टेबलासमोर बसून फोनवर चित्रण करायचे आणि तेच चित्र दुसऱ्या फोनवर व्हिडिओ कॉलने तिच्या मांडीवर पोचवायचे. पहिल्या पाच मिनिटांत ती चुकीच्या दिशेला वळेल, चिडेल, "फोन बिघडलाय" म्हणेल. फोन बिघडलेला नाही, हे तिला सांगा. आणि मोजा धुतलेला घ्या.